वरणापुढे मिटलेले डोळे

बबिता थापा मारणाऱ्यांतली नव्हे. जिंतूरच्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकाची ती मुलगी. थाप मारली की तिचे कान आपोआप लाल होत. पण दोन वर्षांपूर्वी, परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या मेसमध्ये पहिल्याच दिवशी, जेवणाआधी तिने सवयीने डोळे मिटले आणि समोर बसलेल्या उत्तरा नावाच्या मुलीने विचारलं, "काय गं, झोपलीस का?" बबिताच्या तोंडून निघून गेलं, "न्हाई, किडींची शास्त्रीय नावं पाठ करायलेय."

कान लाल झाले. पण उत्तराची त्या कानांशी अजून ओळख नव्हती.

नेमकी बबिता वर्गात पहिली आली आणि थापेला पाय फुटले. परीक्षा जवळ आली की टेबलाटेबलांवर मुली वरणापुढे डोळे मिटून बसू लागल्या. कुणी बोंडअळीचं नाव पुटपुटे, कुणी नुसतीच पेंगे. उत्तरा मात्र त्या वेळात बबिताच्या ताटातला अर्धा पापड लांबवी. बबिताला कुरकुर ऐकू येई, पण देवाशी बोलता बोलता मध्येच पापडाची चौकशी कशी करणार?

खरं सांगावंसं तिला रोज वाटे. पण भीतीही वाटे. जे आपल्या सगळ्यात जवळचं आहे, त्याचंच हसं झालं तर? किंवा उत्तरा आणि सुकेशनी या दोघी मैत्रिणी म्हणाल्या, "आम्हाला बाटवायला बसलीस का?" तर? मग मैत्री संपलीच.

आणि मग तो रविवार उजाडला. उद्या कीटकशास्त्राचा पेपर. दुपारी उत्तरा आणि सुकेशनी तिच्या खोलीत येऊन थडकल्या. उत्तरा पोखर्णीची, वडील पौरोहित्य करणारे. तिचा आवाज घरच्या घंटेला लाजवील असा. सुकेशनी राणीसावरगावची, बौद्ध मास्तरांची लेक. बोले कमी, पण बोलली की मुद्द्याचं.

"दोन वर्षं झाली डोळे मिटायलोय," सुकेशनी म्हणाली, "एक नाव ध्यानात राहीना. नेमकं काय म्हणतीस ते सांग."

बबिताचे कान पेटले. या वेळी उत्तराने ते ओळखले.

"मी नावं पाठ करत न्हाई," बबिता म्हणाली. "मी प्रार्थना करते. येशूला. पहिल्या दिवशी लाज वाटली म्हणून थाप मारली."

उत्तराने हातातली वही मिटली.

"म्हणजे," उत्तरा सावकाश म्हणाली, "आख्खं होस्टेल दोन वर्षं उगीच डोळे मिटून वरण थंड करायलंय?"

आणि ती जी हसत सुटली, ती पलंगावरून खालीच आली. मग प्रश्नांची सरबत्ती. डोळे उघडे ठेवले तर चालत न्हाई का? तुमच्यात प्रसाद असतो का? तो ऐकतो हे तुला कळतं कसं?

"कळत न्हाई," बबिता म्हणाली. "पण कुणीतरी ऐकायलंय म्हणून बोललं की जीव हलका होतो. माझा तरी होतो."

"मग करून दाखव की," सुकेशनी म्हणाली. "पण मी देवाला काही मागणार न्हाई बरं. सगळ्यांचं भलं होवो म्हणेन फक्त."

बबिताच्या घरी साखळी प्रार्थना असे: हात धरून गोलात गुडघे टेकायचे, आपलं बोलून झालं की शेजारच्याचा हात दाबायचा, म्हणजे पुढची पाळी त्याची. शेवटी बाबा "आमेन" म्हणत. आता बाबा जिंतूरला, आणि शेवट कुणी करायचा हे सांगायचंच बबिता विसरली.

तिघी तशाच बसल्या. बबिताने दोन वाक्यं म्हणून उत्तराचा हात दाबला. उत्तराने पेपर सोपा मागितला. सुकेशनीने सगळ्यांचं भलं चिंतलं आणि बबिताचा हात दाबला. आता आमेन म्हणायचं, एवढ्यात उत्तराच्या पोटातून गुर्रकन आवाज आला. बबिता हसू दाबायला गेली आणि हसू काही दबलं नाही, उत्तराचा हात मात्र दाबला गेला.

उत्तरा इमानदारीने पुन्हा सुरू झाली. पाण्याची मोटर दुरुस्त होऊ दे. मेसच्या वरणात डाळ सापडू दे. सुकेशनीने बोंडअळीचंही भलं चिंतलं, मग कपाशीची आठवण होऊन शब्द मागे घेतला. बबिताचे खांदे गदागदा हलत होते, आणि उत्तराचा हात तिसऱ्यांदा दाबला गेला.

या खेपेला उत्तराचा आवाज खाली आला.

"बबिताच्या देवा," ती म्हणाली, "हिला वाटलं आमी हिला हसू. हसायलोच की. पण हिला न्हाई. दोन वर्षं ही एकटीच घाबरत बसली. आमाला विचारायला उशीर झाला, एवढं हिला सांग. आणि आता हे थांबवायचं कसं तेबी सांग, माझे गुडघे लय दुखायलेत."

बबिताच्या गालावरून पाणी ओघळलं. बोलायचं होतं पुष्कळ, निघालं एकच, "आमेन म्हणायचं असतं."

"आधी सांगायचं की!" दोघी ओरडल्या.

संध्याकाळी मेसमध्ये बाकीच्या टेबलांवर मुली मन लावून डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांना कुणीच काही सांगितलं नाही. बबिताने पहिल्यांदाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात प्रार्थना केली. मध्येच पापडाची ओळखीची कुरकुर कानावर आली नाही, म्हणून तिला जरा चुकल्यासारखं झालं.

तिने डोळे उघडले. तिच्या ताटात तीन पापड होते.