चार गणपती मखराखाली

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे आणि माझं डोकं फिरलेलं आहे. गोड बोलणं आज जमणार नाही.

माझा जन्म रद्दी पुठ्ठ्यातून झाला. कोर्टाबाहेरच्या टपरीवर लाल नाडी लावलेल्या मला सुरुचीताईने विकत घेतलं. तिचा घटस्फोट चालू होता. मयूर विहारचा फ्लॅट नवराबायको दोघांच्या नावावर होता. वकील भालचंद्रकाका, आपल्याच मराठी मंडळातले. दिल्लीत आपला माणूस मिळाला म्हणून सगळे निर्धास्त!

काका म्हणाले, "बिल्कुल घाबरू नकोस, बेटा. घराचा हक्क सोडल्याचं लिहून दे. नंतर परत मागता येतो." हेच त्यांनी स्वतःच्या हाताने लेटरहेडवर लिहून दिलं. तो कागद माझ्या पोटात आला. ताईने सही केली. निकाल लागला आणि महिनाभरात कळलं, सोडलेलं घर परत मिळत नाही.

ताई म्हणाली, "बाबा, मी काकांवर दावा लावणार."

शांतारामबाबा दचकले. "आपल्याच माणसावर? मंडळात आरतीला त्यांच्या शेजारी उभं कसं राहायचं? गणपती होऊ दे, मग बघू."

झालं! मी भाड्याच्या घरातल्या कपाटावर आणि माझ्या छातीवर पुठ्ठ्याचं मखर. जात माझीच, पण त्याला सोनेरी कागद. दरवर्षी ते उतरायचं, पाच दिवस मिरवायचं, परत माझ्यावर बसायचं, आणि दावा पुढच्या गणपतीवर जायचा. माझ्या नाडीला गंज चढला नाही एवढंच.

चौथ्या वर्षी काका दर्शनाला आले. दोन मोदक खाल्ले आणि म्हणाले, "भाड्याचं घरही छान सजवलंस हं!"

विसर्जन झालं. मखर परत चढायच्या आत ताईने मला ओढून काढलं आणि उल्का वकिलांपुढे आपटलं.

"कागद पक्का आहे, यार," त्या म्हणाल्या. "पण चूक कळून तीन वर्षं अकरा दिवस झाले. अशा दाव्याला तीनच वर्षं असतात. हा उशीर कोर्ट माफ करत नाही."

अकरा दिवस! मुदत संपली त्या दिवशी बाबा मखराला नवा सोनेरी कागद चिकटवत होते.

मित्रांनो, फाईलवर नाव लिहिता तशी दाव्याची शेवटची तारीखही लिहा. आपला माणूस, परका माणूस, तारखेला काही कळत नाही.

काकांचा कागद अजून माझ्या पोटात आहे. अक्षर अगदी सुरेख आहे.