बल्लारशाला उतरलेला बँड

दिल्लीहून हैदराबादला जाणारी गाडी बल्लारशाला थांबल्याशिवाय पुढे सरकत नाही. करिष्माचं सगळं म्हणणं या एकाच गोष्टीवर उभं होतं.

"बाबा, हे परदेशातले बँड दिल्लीत वाजवतात, मंग हैदराबादेत वाजवतात. मधात आपल्या बल्लारशाच्या फलाटावर दहा मिनिटं उभे राह्यतात, समोसा खातात, न् चालले जातात. त्यायले आजवर कोणी 'उतरा जी, दोन घास खाऊन जा' म्हणलंच नाई."

धनराजभाऊंना हे तिथल्या तिथे पटलं. दारावरून पाहुणा जातो आणि आपण त्याला साधं पाणी विचारत नाही? याहून मोठं पाप ते कोणतं!

धनराजभाऊ म्हणजे बल्लारशाजवळच्या गडचांदुरात दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं लावणारा माणूस. मंडप घालावा, तिकिटं फाडावी, नटमंडळींना वांग्याची भाजी आणि भात वाढावा, हा त्यांचा धंदा. पण जीव म्हणाल तर तो कीर्तनात. माघातल्या सप्ताहात सातही दिवस ते कीर्तनकारबुवांच्या मागे, उजव्या खांद्याशी उभे. बुवांनी अभंगाचा चरण टाकला की तो मागून उचलून धरायचा, याला म्हणतात झील. तेवीस वर्षं त्यांनी ही झील धरली. आवाज फाटका, पण दहाजणांच्या आवाजात मिसळला की देवालाही कळत नसे की यातला फाटका कोणाचा.

करिष्मा त्यांची एकुलती एक. सहा वर्षांपासून पुण्यात, परदेशी बँड आणणाऱ्या एका कंपनीत. दिवाळीत तिनं साहेबाला सांगितलं, एक कार्यक्रम आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात लावू. साहेब हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. म्हणाला, "तिकडे ऐकायला कोण, वाघ?" करिष्मानं तिथल्या तिथे महिन्याची रजा टाकली आणि घर गाठलं. हा एक कार्यक्रम जमला तर गडचांदुरातच ऑफिस उघडायचं. नाही जमला तर सोमवारच्या गाडीनं पुण्याला परत, आणि साहेबाचं हसणं जन्मभर कानात.

तिच्या पुण्यातल्या खोलीची किल्ली तिनं देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली होती. धनराजभाऊ रोज सकाळी देवाला फूल वाहात आणि डोळा किल्लीकडे. "पांडुरंगा, तेवढी किल्ली मात्र खिळ्यावरून हलू देऊ नको."

बँड ठरला एस्टोनियाचा.

"हे कुठी आलं गा?" लियाकतभाऊंनी विचारलं. लियाकतभाऊ म्हणजे मंडप आणि लाउडस्पीकरवाले. धनराजभाऊंच्या प्रत्येक नाटकाला आवाज त्यांचा आणि टोमणेही त्यांचेच.

"रशियाच्या बाजूले. तिथी बरफ पडते म्हणते."

"या खुदा! मंग इथल्या थंडीत तं ते बनियनवर हिंडतीन."

करिष्मा बँडला आणायला दिल्लीला गेली, आणि इकडे धनराजभाऊंना एकाच काळजीनं घेरलं. नाटकात आपली पोरं शिट्ट्या मारतात, मधेच उठून पान खाऊन येतात. साता समुद्रापलीकडून लोक येणार, त्यांनी काय म्हणावं? म्हणून त्यांनी लियाकतभाऊंच्या दुकानात बसून स्वतःच्या आवाजात जाहिरात भरली, आणि भोंगा लावलेला ऑटो आठ दिवस गडचांदुरापासून कोरपन्यापर्यंत आणि तिकडे भद्रावतीपर्यंत हिंडला:

"ऐका हो ऐका! इतवारी दुपारी चार वाजता, शंकरपटाच्या मैदानावर, एस्टोनिया देशाचा बँड! बायाबापड्याहो, हा कार्यक्रम कीर्तनासारखा ऐकाचा आहे. पाय धुऊन या, चूप बसा. जो बोलन, शिटी मारन, मधात उठन, त्याले मंडपाबाहेर काढण्यात येईल, मग तो गावात कोणाचाबी जावई असो!"

इतवारी चारच्या आधीच बैलांच्या शर्यतीचं ते मैदान भरलं. चार हजार माणूस! भाड्याच्या गाडीनं आलेले, सिमेंटच्या कारखान्यातून पाळी संपवून थेट आलेले, कापूस वेचणं अर्ध्यावर टाकून आलेले. बायका उजवीकडे, माणसं डावीकडे. चपला बाहेर, ओळीनं. सगळ्यांच्या कपाळाला बुक्का. पहिल्या रांगेत सुगंधाबाई आपलं बायांचं भजनी मंडळ घेऊन मांडी ठोकून बसलेल्या, आणि सवयीनं प्रत्येकीच्या पिशवीत टाळ. आपल्या माणसांचं हे रूप पाहून धनराजभाऊंचे डोळेच भरून आले.

बँड चारजणांचा. गाणारी लीस, उंच, केस पिकलेल्या धानाच्या रंगाचे. एकजण सारंगीसारखं काही वाजवणारा, एक ढोलवाला, आणि एक दाढीवाला, ज्याच्या बगलेत फुगलेली कातडी पिशवी आणि तिला लावलेल्या पुंग्या. सुगंधाबाईंनी चौघांना ओवाळलं, नारळ दिले. चौघं हरखले. लीसनं हात जोडले आणि गाणं सुरू केलं.

काय तो आवाज! विहिरीत कळशी बुडावी तसा खोल, आणि मग एकदम वर, पाखरासारखा. गाणं संपलं.

चार हजार माणसांतून टाचणी पडल्याचाही आवाज नाही. माणसं नुसती माना डोलावत होती. अशी गोड डोलावत होती, या खांद्यावरून त्या खांद्यावर, की बुवा असते तर धन्य झाले असते. पण लीसनं समोर पाहिलं, तर तिला दिसलं काय? चार हजार माणसं एका तालात म्हणत होती: नाही, नाही, नाही.

दुसरं गाणं. दाढीवाल्यानं पिशवी दाबली आणि पुंग्या अशा काही गरजल्या की मैदानाबाहेर बांधलेले बैल उभे राहिले. एका पोरानं "आई, ते बकरी हाये का?" असं विचारलं, तर पाचजणींनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. गाणं संपलं. पुन्हा शांत. पुन्हा डोलणाऱ्या माना.

लीसनं हात कानामागे धरला आणि लोकांकडे वाकली, म्हणजे 'बोला की, येऊ द्या आवाज!'

"माय वो," सुगंधाबाई शेजारणीच्या कानात कुजबुजल्या, "कान दुखून राह्यला बिचारीचा. हवा लागली."

त्यांनी स्वतःचा लोकरीचा रुमाल सोडला. तो रुमाल एकाही शब्दाशिवाय या हातातून त्या हातात फिरत मंचावर पोचला. ढोलवाल्यानं तो घेतला, लीसकडे पाहिलं, लीसनं ढोलवाल्याकडे पाहिलं, आणि समोर सुगंधाबाई खुणेनं दाखवत होत्या: कानाले बांध, कानाले.

तिसरं गाणं अर्ध्यावर आलं आणि लीस थांबली. मागे वळली आणि पडद्याआड गेली.

मंडपाच्या खांबाला टेकून धनराजभाऊ डोळे मिटून ऐकत होते. डोळे उघडले तर समोर करिष्मा, चेहरा राखेसारखा.

"बाबा, संपलं. लीस म्हणते, लोकायले आवडून नाई राह्यलं, कानाले बांधाले फडका पाठवला. आम्ही रातची गाडी पकडतो म्हणते."

"आवडलं नाई? अवं, मी तं रडून राह्यलो इथी!"

"त्यायच्या गाण्याची रीतच तशी हाये ना, बाबा! एकीनं ओळ म्हणाची, न् बाकी सगळ्यायनं ती मागून उचलाची. तिच्या गावात असंच गातात. समोरच्यानं उचललं नाई तं गाणं मरते म्हणते. न् आपली माणसं... काय झालं यायले आज? नाटकात तं खुर्च्या तोडतात!"

एकीनं म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची.

"म्हंजे झील," ते म्हणाले.

"हाव, झीलच!"

"आन् मी बुवाले बिना-झीलचं उभं केलं."

करिष्माला काही कळेना. तेवढ्यात लियाकतभाऊ मशीनवरून मान काढून म्हणाले, "बेटा, आठ दिस भोंगा वाजला. 'चूप बसा, नाई तं जावयालेबी बाहेर काढू.' मले वाटलं तुले मालूम असन."

"बाबा!"

त्या एका हाकेत पुण्याची गाडी होती, साहेबाचं हसणं होतं, आणि खिळ्यावरची किल्ली होती. धनराजभाऊंनी धोतराचा सोगा खोचला.

"तू मंचाकडं काऊन चालून राह्यला?" लियाकतभाऊ म्हणाले. "तुह्या आवाजानं तं उभे हायेत ते बैलबी पळतीन."

"माईक चालू ठेव," धनराजभाऊ म्हणाले.

पडद्याआड लीस खोक्यावर बसली होती, मांडीवर सुगंधाबाईंचा रुमाल. धनराजभाऊंना ना इंग्रजी येई ना एस्टोनियाची बोली. त्यांनी आधी तिला हात जोडले, मग स्वतःचे दोन्ही कान धरले, आणि मग बोटानं मंच दाखवला. काय कळलं तिला कोण जाणे, पण कान धरणाऱ्या माणसाला नाही म्हणवत नाही. ती उठली.

मंचावर येऊन धनराजभाऊंनी माईक धरला. समोर चार हजार चेहरे.

"मंडळी," ते म्हणाले, "चूप बसा म्हणलं ते म्या. चुकलो. ह्या बाईचं गाणं म्हंजे आपलाच गजर हाये. तिनं टाकाचं, आपण उचलाचं. बुवाले झील नाई दिली तं कीर्तन रंगन का?"

पण आठ दिवस भोंग्यानं सांगितलेलं एका मिनिटात पुसलं जात नसतं. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. खरंच बोलायचं, की परीक्षा पाहून राह्यला हा?

धनराजभाऊ लीसच्या मागे गेले आणि तेवीस वर्षांच्या आपल्या जागेवर, उजव्या खांद्याशी, उभे राहिले. लीसनं मान वळवून पाहिलं. मग तिनं ओळ टाकली, शेवटी लांबवलेलं "लेए-लेए-लो".

धनराजभाऊंनी उचलली.

एकट्यानं. आयुष्यात पहिल्यांदा. दहाजणांत लपणारा तो आवाज लियाकतभाऊंच्या सहा पेट्यांतून फाटक्या पत्र्यासारखा अख्ख्या गडचांदुरावर गेला. करिष्मानं डोळ्यांवर हात ठेवले. पण लीसचा चेहरा! दिव्याची वात सारावी तसा उजळला. तिनं दुसरी ओळ टाकली. धनराजभाऊंनी तीही उचलली, आधीपेक्षा फाटकी.

खण्ण!

सुगंधाबाई उभ्या राहिल्या होत्या, हातात टाळ.

"धनराज! बाहेर काढाचं तं काढ मले! पण बुवाले असं एकटं नाई सोडत मी!"

आणि सगळं भजनी मंडळ उठलं, पिशव्यांतून टाळ निघाले, आणि तिसरी ओळ बायांनी उचलली. चौथी बायांनी आणि माणसांनी. पाचवीला चार हजार माणसांनी असं "लेए-लेए-लो" केलं की मंडपाच्या झालरी उडाल्या. एस्टोनियाच्या भाषेतला एक शब्द कोणाला कळेल तर शपथ! पण गजराला शब्द कधी लागतात? देव शब्द मोजत नाही, तो घसे मोजतो.

मग काय विचारता. ढोलवाल्याला टाळ सापडले आणि टाळांना ढोल. डावीकडची माणसं पावली खेळू लागली. कोण्या गावचा खरोखरचा जावई होता, त्यानं आठ दिवसांची दाबून ठेवलेली शिट्टी एकदाची मारली. दाढीवाला पिशवीसकट मंचावरून खाली उतरला, तर सुगंधाबाईंनी त्याला पुंगी वाजवता वाजवताच गोल फिरवला. सत्तरीच्या बाईचा तो झपाटा पाहून लीस हसायची, हसता हसता ओळ टाकायची, आणि लोक तिचं हसणंसुद्धा उचलायचे: "हा-हा-हा!" लियाकतभाऊंनी मशीन बंद केली तरी कोणाला पत्ता नाही.

तिकडे बल्लारशाला गाडी आली. दहा मिनिटं थांबली. समोसे विकले गेले. गाडी गेली. बँड इकडे दहीकाला खात होता. कीर्तनानंतर काला वाटल्याशिवाय माणसाला घरी जाऊ देतात का? लीसनं ओंजळ तीनदा पुढे केली, आणि रुमाल आता तिच्या कानांना घट्ट बांधलेला होता.

सकाळच्या गाडीत करिष्मानं त्यांना बसवून दिलं. धनराजभाऊ दमून झोपलेले. उठले, आंघोळ केली, फूल घेऊन देवघरात आले, आणि हातातलं फूल हातातच राहिलं.

खिळा मोकळा होता.

ते ओल्या धोतरानंच अंगणात धावले. करिष्मा दारातच, कानाला फोन, तिकडे कोणीतरी इंग्रजीत बोलत होतं.

"किल्ली?" धनराजभाऊंच्या तोंडून कसंबसं निघालं.

तिनं फोनवर हात ठेवला. "मालकीणबाईले पाठवली, बाबा, कुरिअरनं. आता ऑफिस इथीच उघडाचं, मंग दोन जागी भाडं कायले भरू? लीसनं बाकी बँडवाल्यायले लिहिलं, बल्लारशाले उतरा म्हणून. हा मंगोलियावाला हाये. विचारून राह्यला, मैदान कधी खाली असते."

धनराजभाऊंनी हातातलं फूल तिच्याच डोक्यावर वाहिलं आणि तसेच लियाकतभाऊंच्या दुकानाकडे निघाले. दुपारपर्यंत ऑटो गावात फिरू लागला:

"ऐका हो ऐका! माघ महिन्यात, शंकरपटाच्या मैदानावर, मंगोलिया देशाचा बँड! टाळ घरी विसरू नका. जो चूप बसन, त्याले मंडपाबाहेर काढण्यात येईल, मग तो गावात कोणाचाबी जावई असो!"