अकरा अंगठे आणि एक मामा

मी टेबलावरचा कॉम्प्युटर बोलतोय. म्हणजे होतो टेबलावरचा. अकोल्यात जहीरभाईंच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात मी तेरा वर्षं काम केलं. आता टेबलाखाली आहे. वर लॅपटॉप बसतो. पाटीएवढा जीव आणि त्याला मखमली पिशवी! काय तर म्हणे, कुठेही नेता येतो. कुठेही तर शेळीही नेता येते.

मी होतो तेव्हा एक रीत होती. गिऱ्हाईक दुकानात यायचं, माझ्यासमोर स्टुलावर बसायचं. पत्रिकेचा मजकूर जुळवून झाला की जहीरभाई कागदावर प्रूफ काढायचे. घरातल्या मोठ्या माणसाने एकेका नावावर बोट ठेवून ते मोठ्याने वाचायचं आणि खाली सही करायची. सही नाही तर छपाई नाही. मला हलवता येत नव्हतं, म्हणून माणसं हलत होती.

मग जहीरभाईंची मुलगी अलीझा म्हणाली, “अब्बू, ये डब्बा कब तक? लॅपटॉप लो, लोगों के घर जाओ.”

डब्बा! हिचा बारावीचा निकाल याच डब्ब्याने दाखवला होता.

पहिलीच फेरी बार्शीटाकळीला, माणिकबाईंकडे. त्यांच्या मुलीचं, प्रणालीचं लग्न. तिथलं सारं मी नंतर दुकानातल्या बोलण्यातून ऐकलं. लॅपटॉप सोफ्यावर आणि भोवती अख्खं घर. जो तो पडद्याला बोटं लावून नावं सांगतोय. कोणाचा तरी हात की-बोर्डवर पडला आणि एक ओळ उडाली. प्रूफ कसलं नि सही कसली! जहीरभाईंनी पत्रिका घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. अकरा जणांनी अंगठा दाखवला. वाचली एकानेही नाही.

चारशे पत्रिका वाटून झाल्यावर माणिकबाई दुकानात आल्या. उडालेली ओळ त्यांच्या सख्ख्या भावाची होती. मोर्शीचे खुशालराव, नवरीचे एकुलते एक मामा.

“जहीरभाऊ, काहून असं केलं? भाऊ म्हणते, पत्रिकेत नाही तर मांडवात कायले येऊ? आता पोरीले मांडवात कोण आणीन? तुमचा लॅपटॉप?”

“ताई, ग्रुपवर तुमचाबी अंगठा आहे.”

“मी पोळ्या लाटून राहिली होती! पिठाच्या हातानं दाबला अन् काय!”

लग्न पाच दिवसांवर होतं. जहीरभाईंनी शंभर पत्रिका नव्याने छापल्या आणि स्वतः मोर्शीची बस धरली.

खुशालरावांनी त्यांना अंगणातच उभं केलं. “चारशे घरी समजलं, का मामाच नाही. आता हे कोणाले दाखवू?”

“आधी वाचा तर, मामाजी. मोठ्यानं.”

खुशालरावांनी बोट ठेवून वाचली, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. स्वतःच्या नावावर बोट जरा जास्त थांबलं. मग म्हणाले, “आना तो गठ्ठा इकडे. मोर्शीत मीच वाटतो. तुमच्यावर भरोसा नाही राहिला.”

प्रणालीला मांडवात त्यांनीच आणलं.

आता दुकानात पुन्हा कागदावर सही घेतात. “हा माझा नियम आहे,” असं जहीरभाई गिऱ्हाइकांना ऐटीत सांगतात. यांचा नियम! आणि सांगताना पाय माझ्यावर ठेवलेले.

भंगारवाला आला तर मला खुशाल देऊन टाका. तक्रार नाही. फक्त मी जुना झालो म्हणून गेलो, असं कोणाला सांगू नका. तुम्हाला बसून वाचायचा कंटाळा आला, म्हणून गेलो.