उघड्या टपाची हेराल्ड

संपदाने फोन आईला दाखवायला पुढे केला होता, पण तिच्या वडिलांनी, दशरथने, तो मध्येच घेतला आणि खिडकीपाशी नेऊन उजव्या डोळ्याजवळ धरला. संपदाच्या ऑफिसातल्या रसिकाचं लग्न ठरलं होतं. लग्नाआधीचे फोटो तिने घोडबंदर रोडवर चेण्याच्या एका स्टुडिओत काढून घेतले होते. एका फोटोत ती आणि तिचा होणारा नवरा गुलाबी रंगाच्या, टप नसलेल्या गाडीत बसले होते. बॉनेटवर प्लास्टिकची फुलं होती. गाडीच्या डाव्या दाराला आतून स्टीलच्या पिंपाची कडी लावलेली होती. दशरथ त्या कडीकडे बघत राहिला.

"ही आपली गाडी आहे," तो म्हणाला.

पलंगावर वासंतीने डोळे उघडले. यकृताचा कॅन्सर पसरला होता आणि डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं. तिने फोटो बघितला. मग म्हणाली, "मला तिथे घेऊन चला."

दशरथ तरुणपणी भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात फिटर होता. मालकाची जुनी हेराल्ड गाडी शेडमागे कुजत पडली होती, तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या बसायच्या. दशरथने ती मागून घेतली. दर रविवारी तो तिच्याखाली पडलेला असायचा. इंजिन झालं, पत्रा झाला, फियाटच्या सीटकव्हरवाल्याकडून कापडी टप शिवून झाला. डाव्या दाराचं हँडल काही केल्या मिळेना, तेव्हा त्याने कारखान्यातल्या पिंपाची कडी ठोकली. वासंतीने ती ओढून बघितली आणि म्हणाली, छान आहे, घरच्यासारखी.

ती त्यांची पहिली गाडी. नंतर दुसरी झालीच नाही. रविवारी संध्याकाळी टप मागे दुमडून ते उत्तनला जायचे. मुर्ध्याच्या पुढे दोन्ही बाजूंना मिठागरं होती, पांढरे ढीग लागलेले. संपदा मागच्या सीटवर आडवी पडून आभाळ बघायची. वासंतीची वेणी वाऱ्याने सुटायची आणि ती बांधायचा प्रयत्नसुद्धा करायची नाही. येताना सुके बोंबील घेतले तरी वासाची चिंता नसायची. राई गावच्या नाक्यावर म्हातारा धर्माजी दर वेळी विचारायचा, "काय रं, गारीचं छप्पर इकून खाल्लंस काय?" आणि वासंती दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायची. गुहागरच्या एका घरातून लग्न होऊन चाळीतल्या एका खोलीत आलेली ही बाई इतक्या मोठ्याने हसू शकते, हे दशरथला त्या गाडीतच कळलं.

मग कारखान्यात भांडी घासायच्या यंत्राचं चाक फुटलं आणि एक तुकडा त्याच्या डाव्या डोळ्यात गेला. डोळा गेला, पण गाडी चालवायचं त्याने सोडलं नाही. वासंती विनवायची, तो ऐकायचा नाही. डाव्या बाजूला बसलेली वासंती आता त्याला दिसत नसे. मान पूर्ण वळवावी लागे. एका रविवारी त्याने तशी मान वळवली आणि गाडी मिठागरात गेली. संपदाचा हात मोडला.

पुढच्याच महिन्यात तो वडिलांच्या वर्षश्राद्धाला गावी गेला. परत आला तेव्हा चाळीसमोर तेलाचा डाग तेवढा होता. वासंतीने सांगितलं, भंगारवाल्याला दिली. दशरथने हातपाय धुतले आणि जेवायला बसला. त्या दिवसापासून घरात कोणी गाडीचा विषय काढला नाही. धर्माजी वारला, मिठागरांवर इमारती आल्या, संपदाने स्वतःची गाडी घेतली. तिच्या गाडीत दशरथ कायम मागे बसायचा.

संपदाने आईला न्यायला आधी साफ नकार दिला. घोडबंदर रोडचे खड्डे तिला सोसणार नाहीत, असं ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. पण वासंतीने दोन दिवस दुसरं काही मागितलंच नाही. शेवटी संपदाने सुट्टी काढली.

स्टुडिओत खोटा झरा होता, खोटं चर्च होतं. तिथला मॅनेजर यतीन भला माणूस निघाला. पुढचं जोडपं तयार होईपर्यंत बसा, म्हणाला, आणि वासंतीच्या व्हीलचेअरवर छत्री धरून बरोबर आला. "अंकल, इंजिन नहीं है इसमें. बस फोटो के लिए रखी है."

दशरथने वासंतीला उचलून डाव्या सीटवर ठेवलं आणि स्वतः स्टिअरिंगमागे बसला. स्टिअरिंग कशालाच जोडलेलं नव्हतं. बोटाने ढकललं तरी गरगर फिरत होतं. टपाचा सांगाडा कापून काढलेला होता. वासंतीने कडीवर हात ठेवला.

"अजून राग आहे?" तिने विचारलं.

दशरथने मान वळवली. तिचे डोळे पिवळे झाले होते.

"होता," तो म्हणाला. "खूप वर्षं होता. आता शोधतोय तर सापडत नाही."

"मला तुमच्या आधी जायचं होतं. तुम्ही मरायला निघाला होता."

तो म्हणाला, "मग झालं ना तुझ्या मनासारखं."

वासंती हसली. आवाज फार थोडा निघाला. संपदा लांब उभी राहून फोन बघत असल्याचं दाखवत होती.

पुढच्या जोडप्यातली मुलगी लांब झग्यात येऊन थांबली होती. तिने घाई केली नाही. दशरथ वासंतीला उचलून निघाला तेव्हा तिने झग्याचा घोळ दोन्ही हातांनी गोळा करून वाट मोकळी केली.

वासंती पुढच्या आठवड्यात पहाटे गेली. सोसायटीच्या लोकांनी शववाहिका बोलावली. ती काचा लावून गेटात उभी राहिली. दशरथ म्हणाला, गाडी नको, खांद्यावर नेऊ. ऊन फार आहे, स्मशान लांब आहे, तुम्हाला झेपणार नाही, असं सगळ्यांनी सांगून बघितलं. त्याने कोणाशी वाद घातला नाही, फक्त मडकं हातात घेऊन पुढे उभा राहिला.

बायका गेटापर्यंतच आल्या. संपदा थांबली नाही. ती पुढे गेली, वडिलांच्या डाव्या बाजूला आली आणि रिक्षा, स्कूटर, हातगाड्या बाजूला करत त्यांच्याबरोबर चालू लागली.