बिनआवाजाचं मशीन

हिरालालने काउंटरवरच्या उघड्या पॉवर सप्लायला वायर जोडली आणि फिरणारा पंखा यशदीपच्या कानाजवळ धरला.

"सुनाई दिया?"

"नाही."

"अब ये."

दुसरा पंखा लहान होता. तो लागताच मच्छर कानाशी यावा तसा बारीक सूर निघाला. यशदीपने मान मागे घेतली.

"छोटा पंखा है, भैया. उतनी ही हवा देने के लिए ज़्यादा घूमेगा, ज़्यादा चिल्लाएगा. बड़ा वाला आराम से घूमता है." हिरालालने मोठा पंखा बाजूला काढून ठेवला. तसले आणखी दोन काढले.

सगळा जन्म रायपूरच्या तात्यापाऱ्यात, मराठी वस्तीत, गेल्यामुळे हिरालालला मराठी पूर्ण समजे; बोलताना मात्र त्याच्या तोंडी हिंदीच येई. साठीला टेकलेला माणूस. पूर्वी याच दुकानात तो रेडिओ दुरुस्त करायचा आणि अजूनही कुठलीही वस्तू आधी कानाला लावून बघायचा. बिनआवाजाचा कॉम्प्युटर हवा म्हणून आलेलं गिऱ्हाईक त्याला मनापासून आवडलं होतं. तासभर तो एकेक सुटा भाग काढून दाखवत होता. फिरणारी हार्ड डिस्क नकोच, तिची घरघर कधी जात नाही. प्रोसेसर थंड ठेवायला त्यावर वीटभर मोठा हीटसिंक. आतून आवाज शोषणारा जाड नमदा लावलेला, दाराच्या फळीसारखा जड कॅबिनेट.

ग्राफिक्स कार्डापाशी मात्र गाडं अडलं. यशदीपला सगळ्यात मोठं हवं होतं.

"काम क्या करते हो?"

"नवा रायपूरला एक ऑफिस आहे, त्यांचे बिल्डिंगचे नकाशे काढतो. घरूनच."

"नक्शे के लिए इससे एक नंबर छोटा बहुत है. हल्के काम में इसके पंखे चालू ही नहीं होते. बड़ा वाला गरम होगा, फिर बोलेगा." हिरालालने चष्म्यावरून पाहिलं. "गेम-वेम खेलते हो क्या?"

"मी नाही," यशदीप म्हणाला. "भाचा येतो सुट्टीत. नागपूरहून."

अडतिसाव्या वर्षी हे वाक्य इतकं सहज तोंडातून निघावं याचं त्याला स्वतःलाच जरा नवल वाटलं. भाचा इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता आणि चार वर्षांत रायपूरला फिरकला नव्हता.

"तो फिर छोटा ही लो. बच्चा भी खुश, कान भी खुश." हिरालालने डबा पुढे सरकवला. "पर इतनी शांति किसके लिए चाहिए?"

खरं कारण दोन सोमवारांपूर्वीचं होतं. ऑफिसची मीटिंग चालू होती. यशदीपने कॅमेरा बंद केला होता आणि मीटिंगच्या खिडकीमागे गेम चालू ठेवला होता. जुन्या मशीनचा पंखा एवढा घोंगावला की पराग सरांनी सगळ्यांदेखत विचारलं, "यशदीप, पीछे हेलिकॉप्टर उतर रहा है क्या?" सगळे हसले. "मिक्सर आहे सर," तो घाईने म्हणाला होता, "आई चटणी करून राहिली."

"आईसाठी," आता तो हिरालालला म्हणाला. "ती बाजूच्याच खोलीत असते. मागच्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं तिचं. आवाजाचा त्रास होते."

हिरालालचे हात थांबले. त्याने यशदीपकडे नीट पाहिलं.

"आजकल कौन सोचता है इतना," तो म्हणाला आणि दुकानाच्या आत वळून बायकोला चहा सांगितला. एक कप गिऱ्हाइकासाठी.

चहा येईपर्यंत हिरालाल मशीन जोडायला बसला. स्क्रू पिळता पिळता त्याने विचारलं, "कैसे गिरीं माताजी?"

"न्हाणीजवळ घसरली, दुपारची. मी बाजूच्या खोलीतच होतो. पण ती हाक मारत नाही ना कधी. दीड तास तशीच पडून होती. जिद्दी आहे."

हे तो इतक्यांदा बोलला होता की आता विचार करावा लागत नसे. हाडाच्या डॉक्टरांना सांगितलं होतं, शेजारच्या वनमालाकाकूंना सांगितलं होतं. अपर्णाताई नागपूरहून धावत आली तेव्हा तिलाही हेच सांगितलं. ताईने दवाखान्यातच आईला फैलावर घेतलं होतं: "काहून नाही हाक मारली? एवढा मोठा पोट्टा घरात असताना?" आई छताकडे पाहत म्हणाली होती, "मले वाटलं, उठता येईन."

"पुराने लोग ऐसे ही होते हैं," हिरालाल म्हणाला. चहा गोड होता. यशदीपला तो पूर्ण पिववला नाही.

मशीन तयार झालं. हिरालालने दुकानातला टीव्ही बंद केला, शटर अर्धं ओढलं आणि मशीन चालू केलं. निळा दिवा लागला. एवढंच.

"एक काम करना, भैया. दो दिन हेडफोन मत लगाना. खुले कान से सुनना. नई चीज़ है, कहीं से घर्र-घर्र आए, टिकटिक आए, तो उठाकर ले आना, बदल दूँगा. अभी ठंड है, घर के पंखे बंद हैं, अभी सब सुनाई देगा. गर्मी में तो कूलर के आगे क्या पता चलना है."

यशदीपने मान हलवली.

समता कॉलोनीतलं घर वडिलांनी, शामरावांनी, रेल्वेतून रिटायर झाल्यावर घेतलेलं. पुढे बैठक, मागे दोन खोल्या, दोहोंच्या मध्ये अर्ध्या विटेची भिंत आणि न लागणारं एक दार. रिक्षावाल्याच्या मदतीने यशदीपने खोकं आत आणलं, तेव्हा कलावतीबाई वॉकर धरून दारात उभ्या होत्या.

"अगं बाई, फ्रिज आणला काय?"

"कॉम्प्युटर आहे. हा आवाज नाही करत. तुह्यासाठीच पाहून घेतला."

"माह्यासाठी?" त्यांचा चेहरा फुलला. मग जरा विचार करून त्या म्हणाल्या, "पण मले त्या आवाजाचा काही तरास नव्हता रे. तो चालू असला का समजे, तू घरात आहेस."

यशदीप खोकं फोडू लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर तो खोलीत बसला. एका खिडकीत नकाशा उघडला, मग तो खाली सरकवून गेम लावला. सवयीने हात हेडफोनकडे गेला. पण हिरालालचं बोलणं आठवलं आणि त्याने तो खुंटीलाच राहू दिला. गेमचा आवाज बंद केला, कान कॅबिनेटकडे केला. पडद्यावर गोळ्या सुटत होत्या, धूर उठत होता, आणि खोली एखाद्या वाचनालयासारखी निःशब्द होती.

काहीच आवाज नाही. त्याला आनंद झाला. मग हळूहळू इतर आवाज येऊ लागले. मागच्या गल्लीत कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. ट्यूबलाइटची गुणगुण. भिंतीपलीकडे पलंगाची फळी करकरली.

"यशू."

आवाज बारीक होता, पण स्वच्छ ऐकू आला. त्याने की-बोर्डवरचे हात उचलले नाहीत. भास असेल असं वाटलं, कारण आई कधी हाक मारत नसे.

"यशू, बाळा."

मग शांतता. चारपाच श्वास घेता येतील एवढी. त्या शांततेत घाई नव्हती, राग नव्हता. कुणी उत्तर देईल अशी वाट पाहणंही नव्हतं. सकाळी बुद्धवंदना म्हणताना दोन ओळींच्या मध्ये आई थांबायची, तसं काहीसं मोजून थांबणं होतं ते.

"यशदीप."

पुन्हा तेवढीच शांतता. आणि मग, त्याच आवाजात, स्वतःशी:

"असू दे."

काठी फरशीवर घासत गेल्याचा आवाज आला.

पडद्यावर यशदीपचा माणूस एव्हाना मरून पडला होता. तो खुर्चीतून उठला. दाराशी पोहोचेपर्यंत त्याच्या हे ध्यानात आलं होतं की तिने तीनदाच हाक मारली, तीनही वेळा वेगवेगळ्या नावाने, आणि तिसरीनंतर तेवढंच थांबून काठी उचलली. हे आज सुचलेलं नव्हतं. हा नेम होता.

कलावतीबाई पलंगाच्या कडेला वाकून बसल्या होत्या. हातात बांबूची लांब काठी होती, टोकाला तारेचा आकडा वळवून सुतळीने पक्का बांधलेला. त्या पलंगाखालून काहीतरी ओढत होत्या. तो दिसताच दचकल्या.

"काहून आला? झालं काम?"

"तू बोलावलं ना."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. पोराने पहिल्यांदा पाऊल टाकलेलं पाहावं तसं काहीतरी त्या चेहऱ्यावर येऊन गेलं.

"तुले ऐकू आलं?"

यशदीप गुडघ्यांवर बसला आणि त्याने पलंगाखाली हात घातला. चष्मा भिंतीपर्यंत गेला होता. तो काढून त्याने आईच्या हाती दिला आणि तिच्या मांडीवरची काठी उचलली. सुतळी हाताळून काळी पडली होती.

"हे कधी केलं?"

"झाले बरेच दिवस. वनमालाने तार दिली. चांगलं काम देते. औषधाची पट्टी पडते, चादर पडते…" त्या पदराने चष्मा पुसू लागल्या. "तुह्या कामात किती वेळा मोडता घालू?"

"आई." तो खालीच बसून राहिला होता. "पडली होतीस त्या दिवशी… हाक मारली होती काय?"

चष्मा पुसून झाला होता, तरी त्या पुसत राहिल्या.

"कोणत्या दिवशी?"

कोणत्या दिवशी ते दोघांनाही माहीत होतं. यशदीपला तर वेळही आठवत होती. अडीच ते चार. मित्रांबरोबर सामना लागला होता, हेडफोन कानाला घट्ट होता, मशीन घोंगावत होतं, आणि शेवटच्या फेरीत त्यांची टोळी जिंकली होती. जिंकल्याच्या आनंदात तो चहा मांडायला म्हणून शीळ घालत बाहेर आला होता.

"सांग ना."

"तुह्या कानाले ते लागलेलं असते," त्या अखेर म्हणाल्या. "तुले कसं ऐकू येईन? काम असते तुले."

"काम नव्हतं."

"असू दे. उठ, खाली नको बसू, फरशी गार आहे."

"आई, काम नव्हतं त्या दिवशी. मी—"

"मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "कामात असला की तू बडबडत नाहीस. खेळताना बडबडते." मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दुसरीकडे पाहिलं. "पडल्या पडल्या तेच ऐकत होती मी. म्हटलं, हसून तरी राहिला."

यशदीपने काठी हळूच भिंतीला टेकवून ठेवली. ती घसरून पडली. त्याने पुन्हा उचलून ठेवली.

पाचला फोन वाजला. अपर्णाताईचा रोजचा फोन. कलावतीबाईंनी नेहमीप्रमाणे तो स्पीकरवर टाकला. जेवण काय केलं, गोळ्या घेतल्या काय, नागपूरला थंडी किती, सगळं झालं.

"यशदीपने नवा कॉम्प्युटर आणला," आई म्हणाली. "एवढाही आवाज नाही. माह्यासाठी म्हणून पाहून पाहून घेतला त्याने."

"बरं झालं. पोट्टा करते बापा तुह्यासाठी," ताई म्हणाली. "आता तू पण जरा ऐकत जा. काही लागलं का हाक मारत जा त्याले. मागच्यासारखी जिद्द करून पडशील कुठं. तुह्या त्या स्वभावापायी केवढं झालं सगळ्यांले."

"हव. मारत जाईन."

"नुसतं हव नको म्हणू. हर वेळी हव म्हणते अन् करते मनाचंच."

"नाही करणार. चुकलं माहं."

यशदीप दाराशी उभा होता. तो दोन पावलं पुढे आला.

"ताई," तो म्हणाला, "आईने त्या दिवशी—"

"आवाज कटून राहिला बाई तुहा," कलावतीबाई घाईने म्हणाल्या. "उद्या बोलू," आणि त्यांनी फोन बंद केला.

ताईचा आवाज मुळीच कटत नव्हता. फोन त्यांनी मांडीवर पालथा ठेवला आणि त्यावर हात ठेवला.

"चहा ठेव," त्या म्हणाल्या. "आलं टाक थोडं."

तो पलंगाजवळ आला.

"काहून उगाच? तिचा जीव तिथे टांगून राहीन. तुमचं दोघांचं बोलणं बिघडन." मग हळू आवाजात, "झालं ना आता वर्ष."

यशदीपने हात पुढे केला. त्या फोन सोडत नव्हत्या; बोटांत अजून चांगलीच ताकद होती. एकेक बोट त्याला अलगद सोडवावं लागलं. फोन हातात आल्यावर त्याने ताईचं नाव दाबलं आणि स्पीकर तसाच चालू ठेवला.

घंटी गेली. एकदा, दोनदा. कलावतीबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि पदर कानांवरून घेतला, थंडी वाजत असल्यासारखा.

"हं, आई," पलीकडून ताई म्हणाली. "कट झाला होता काय?"

"आई नाही, मी आहे," यशदीप म्हणाला. "फोन कट नव्हता झाला, ताई."