तांत्रिक कारणामुळे

नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा, ही म्हण ज्याने कोणी काढली त्याने हा विमानतळ पाहिला नव्हता. पाहिला असता तर बिचाऱ्या सोनूबाईला त्याने सोडून दिलं असतं. इमारतीच्या कपाळावर ‘आंतरराष्ट्रीय’ ही अक्षरं एवढी थोरली, की खालचं दार शोधावं लागे. परदेशाहून यायचं आठवड्यातून एकच विमान, तेही अर्धं रिकामं. त्या दिवशी पासपोर्ट तपासायच्या खिडक्या उघडायच्या. एरवी सफाईवाले तिथे आपले झाडू ठेवायचे. आणि धावपट्टी? ती तर यांच्या बापाची नव्हतीच. ती होती भिंतीपलीकडच्या हवाई तळाची, लष्कराची. पलीकडे मालक, अलीकडे भाडेकरू. मालकाला अंगण हवं झालं की भाडेकरूने मुकाट्याने आपली पोरं आत घ्यायची.

घोषणा करणाऱ्या बाईंचं हे मत होतं आणि त्या ते कोणापासून लपवत नसत. फक्त माईकवर तेवढं बोलत नसत. तळाचा नियमच होता, भिंतीपलीकडे काय चाललंय याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. डोक्यावरून लढाऊ विमान जाताना बशीतला कप नाचायचा, पोरं कानांवर हात दाबून धरायची, आणि बाई मधाळ आवाजात सांगायच्या, “तांत्रिक कारणामुळे विमानाला विलंब होत आहे. गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.” हे ‘तांत्रिक’ इतकं मुरलं होतं, की एखाद्या विमानात खरोखर बिघाड झाला तर सामान चढवणारे विचारायचे, “बाई, आपलं नेहमीचं तांत्रिक, की तांत्रिक तांत्रिक?”

ऐकणाऱ्यांचा बाईंना मनापासून तिटकारा होता. आभाळ फाटल्यासारखा आवाज होतोय, काचा थरथरताहेत, आणि ही माणसं नंदीबैलासारख्या माना डोलावताहेत! अशांना खरं सांगायचं तरी कशाला?

तोच शब्द बाई घरी घेऊन आल्या होत्या. नवरा दुसरीकडे राहायला गेला तेव्हा त्यांच्या शाळकरी मुलीने विचारलं, बाबा कुठे? बाई म्हणाल्या, “तांत्रिक कारणामुळे बाबांना उशीर होतोय.” मुलगी खुदकन हसली आणि वाट बघायला लागली. नंतर विचारलं तरी तेच. वाढदिवसाला तेच, शाळेच्या निकालाला तेच. तो बाप त्याच शहरात राहत होता. ते सगळ्या गल्लीला माहीत होतं, वाट बघणारीला तेवढं नव्हतं. कॉलेजात असताना ती चप्पल घ्यायला गेली, तर शेजारच्या बाकावर बाप बसलेला, मांडीवरच्या पोराला बूट घालून बघत.

त्या दिवशी घरात जे झालं ते झालं. बाई शेवटी म्हणाल्या, “झाकली मूठ सव्वा लाखाची असते गं.”

मुलगी म्हणाली, “मूठ तुझी होती. आत मी होते.” शिक्षण संपलं तशी ती परदेशी निघून गेली.

आणि इतक्या वर्षांनी गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता. “इकडची नोकरी सोडतेय. तिकडे बघावी म्हणते, तुझ्याजवळ राहून. तुझ्याच विमानतळावर उतरेन. पण आई, एक सांगून ठेवते. पुन्हा मला तांत्रिक सांगितलंस, तर आल्या पावली परत जाईन. थट्टा नाही करत.”

“नाही गं बाई, नाही सांगणार,” बाई म्हणाल्या. त्यांनी पलंगावर नवी चादर घातली, खोलीतलं अडगळीचं कपाट रिकामं केलं, आणि आज कामावर येताना मुलीच्या आवडीची आकाशी साडी नेसल्या.

विमान यायची वेळ झाली आणि मॅनेजर त्यांच्या काचेच्या खोलीत शिरले. अंगात नवा कोट होता, बाहीवर दुकानाची चिठ्ठी तशीच लोंबत होती. तळप्रमुख निवृत्त होत होते, पलीकडे निरोप समारंभ होता आणि मॅनेजरांना चक्क आमंत्रण होतं. सकाळपासून त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

“बाई, धावपट्टी बंद. तांत्रिक लावा.”

“आता कशाला? विमानांच्या कसरती तर मघाशीच संपल्या.”

“पुन्हा होणारेत. तळप्रमुखांच्या मिसेसचा फोटो नीट आला नाही म्हणे. मागे विमानं दिसायला हवी होती, तर त्यांचे डोळेच मिटलेले.”

“फोटोसाठी? अहो, परदेशाहून आलेलं विमान वर घिरट्या घालतंय!”

“घालेल घालेल, नाहीतर जाईल शेजारच्या शहरात. त्यात काय एवढं?”

“माझी मुलगी आहे त्यात.”

“अरे वा! मग तिचं शेजारचं शहरही बघून होईल,” मॅनेजर म्हणाले आणि काचेत बघून त्यांनी कोट सारखा केला. ती चिठ्ठी त्यांना तेव्हाही दिसली नाही. बाईंनीही सांगितली नाही. या माणसाची तीच लायकी होती.

बाईंनी बटण दाबलं. एक अक्षर हललं नाही की आवाज कापला नाही. खाली दिवाणखान्यासारख्या सजवलेल्या हॉलमध्ये विमानाची वाट बघणारी एक बाई रडायला लागली. तिला वाटलं, विमानच बिघडलंय, आणि आत तर तिचा नवरा होता. वरून लढाऊ विमानांची रांग कानठळ्या बसवत गेली, तरी ती विचारतच राहिली, “बिघाड मोठा आहे का हो?” बाईंना तिची दया यायला हवी होती. त्यांना चीड आली. डोळे आहेत, कान आहेत, तरी माईकवरच्या बाईवर विश्वास ठेवतेस? मग रड.

शेवटी विमान शेजारच्या शहराकडे वळलं. बाईंनी तेही तसंच जाहीर केलं, त्याच कारणासकट. मॅनेजर समारंभाला निघून गेले. खोलीत बाई एकट्या उरल्या, आणि थोड्या वेळाने फोन वाजला.

“आई, उतरले गं. पण हे भलत्याच गावात. वर नुसत्या चकरा मारल्या. काय झालं काय? इथे कोणी धड सांगत नाही.”

माईक बंद होता. दार लावलेलं होतं. सांगायचं होतं ते किती साधं होतं! कोणा एका बाईचे फोटोत डोळे मिटले, म्हणून. दोघी हसल्या असत्या, मॅनेजरच्या कोटाची चिठ्ठी सांगितली असती तर आणखी हसल्या असत्या. बाईंनी तोंड उघडलं. आतून आला तो माईकवरचा मधाळ आवाज.

“काही नाही गं, तांत्रिक कारणामुळे—”

जीभ चावली, पण शब्द गेला होता.

“अगं, ऐक, तसं नाही, इथे लष्कराचं—”

“राहू दे आई,” मुलगी म्हणाली. ती रागावली नव्हती, ते बाईंना सगळ्यात जास्त लागलं. “चुकलं माझंच. मी विचारायलाच नको होतं.”

फोन बंद झाला. बाईंनी लावला, पुन्हा लावला. वाजत राहिला, उचलला नाही कोणी. जन्मभर त्यांनी मॅनेजरला हसून घेतलं, तळाला हसून घेतलं, हॉलमधल्या येड्यांना हसून घेतलं. आणि नंदीबैल त्यांच्याच तोंडात बसला होता.

संध्याकाळी मॅनेजर समारंभाहून परतले. चिठ्ठी अजून लोंबतच होती.

“काय बाई, आली का लेक?”

“नाही. परत चाललीय ती.”

“अरेरे! का हो?”

“मी तिच्याशी खोटं बोलले म्हणून.” नवरा घर सोडून गेल्यापासून हे एवढं धडधडीत खरं बाईंच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं, आणि तेही कोणापाशी, तर या माणसापाशी.

मॅनेजरांनी दाराबाहेर बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

“ते ठीक आहे,” ते म्हणाले, “पण बाहेर कोणी विचारलं, तर तांत्रिकच सांगा.”