बटणरावांची सोय

बटणरावांनी एंटर दाबलं. पडद्यावरची चौकट नाही म्हटल्यासारखी हलली आणि पुन्हा रिकामी झाली. त्यांनी कीबोर्ड उचलून उलटा केला आणि टेबलावर आपटला. बिस्किटाचा चुरा पडला. दोष सापडल्यासारखा तो चुरा त्यांनी बोटाने कडेला सारला आणि एकेक अक्षर दाबत पुन्हा पासवर्ड टाकला. चौकट पुन्हा हलली.

त्यांची बायको चहा घेऊन दारात उभी होती.

"अपडेट चालू आहे," मागे न बघता ते म्हणाले. "वेळ लागेल आज."

"लागू द्या की," ती म्हणाली आणि कप टेबलावर, थेट मशीनला टेकून ठेवला.

मुद्दामच ठेवला. या खोलीत पाण्याचा थेंब आणायची बंदी होती. झाडू आणायचा तर आधी विचारावं लागे, आणि एकदा तिने ओल्या फडक्याने वायरी पुसल्या तेव्हा बटणराव दोन दिवस फुगून बसले होते. आज ते कपाकडे बघून नुसतं "बरं" म्हणाले. तिच्या मनात पाल चुकचुकली.

एके काळी ही अडगळीची खोली होती. निवृत्तीनंतर बटणरावांनी तिथे संसार थाटला. एक स्क्रीनवाला कॉम्प्युटर, आणि खाली एक काळी पेटी, जिच्यात घरातलं सगळं साठवलेलं: फोटो, गाणी, बिलं, लेकीच्या लहानपणीचे व्हिडिओ. प्रत्येक वायरीला चिकटपट्टी आणि तिच्यावर त्यांचं टपोरं अक्षर. प्रिंटर मात्र कुणाच्या बापाला ऐकत नसे. त्याच्याशी त्यांची रोजची भांडणं चालत आणि एखादं पान सरळ आलं की ते दाखवायला ते स्वयंपाकघरापर्यंत येत. ती त्या पेटीला सवत म्हणायची. पण सवतीचा तिला एक फायदा होता. स्वयंपाकघरात एक छोटा स्पीकर टांगलेला होता आणि बटणराव मागच्या खोलीतून गाणी लावत. भांडी घासताना एक, पोळ्या लाटताना दुसरं. उंटावरून शेळ्या हाकतात, असं ती तोंडाने म्हणायची; पण कोणतं गाणं येतंय याची मनातून वाट बघायची.

तो स्पीकर बरेच दिवस मुका होता.

सुरुवातीला त्यांनी कीबोर्ड बदलला. मग नवाही बदलला. मग सगळ्या वायरी सोडवून पुन्हा जोडल्या, आणि जोडताना कितीतरी चिकटपट्ट्या चुकीच्या जागी गेल्या. पासवर्ड कुठे लिहून ठेवलेला नव्हता. लिहिलेला पासवर्ड म्हणजे कुलपातच ठेवलेली किल्ली, असं ते सगळ्यांना ठणकावून सांगत. तो फक्त त्यांच्या डोक्यात होता. आणि आता तिथे नव्हता.

तिला हे कळलं होतं. त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती, तरी कळलं होतं. परवा ते न्हाणीघराबाहेरच्या बोर्डासमोर उभे होते आणि दिवा लागेपर्यंत एकामागून एक खटके दाबत होते. तो बोर्ड त्यांनी स्वतः बसवला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून ती गप्प राहिली. आपल्याला कळलंय हे त्यांना कळलं तर ते कोसळतील, याची तिला भीती वाटत होती. लेकीने फोनवर जुना व्हिडिओ मागितला, तेव्हा "बाबांनी पेटी दुरुस्तीला टाकलीय" असं तिने बेधडक सांगून टाकलं.

पण ती पेटी गप्प बसणारी नव्हती. तिच्यात एक सोय करून ठेवलेली होती आणि बायकोला त्या सोयीची जास्त धास्ती होती.

बटणराव हे नाव पंपघरातलं. शहराला पाणी सोडणाऱ्या त्या पंपघरात पाळीवरच्या माणसाने ठरावीक वेळाने एक बटण दाबायचं असे. नाही दाबलं तर मुख्य कचेरीत घंटा व्हायची आणि जीप निघायची. तिथल्या सगळ्या नोकरीत यांच्या पाळीत ती घंटा कधी झाली नाही. तीच पद्धत त्यांनी घरात आणली. पासवर्ड टाकून पेटी उघडणं हेच बटण. बरेच दिवस कुणी उघडली नाही, तर मालक राहिला नाही असं समजून पेटीने आपणहून बायकोसाठी उघडायचं.

"असलं वाईटसाईट बोलू नये," तेव्हा ती म्हणाली होती.

"वाईट काय त्यात? बटण दाबलं नाही, म्हणजे माणूस एक तर झोपलाय, नाहीतर गेलाय. तिसरं काय असणार?"

आता रोज सकाळी ती मागच्या खोलीत डोकावायची. पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकत असायचा. तिला वाटे, ही वाट बघतेय. यांनी स्वतःच्या हातांनी घडवलेली वस्तू एक दिवस यांच्या तोंडावर सांगणार, की तुम्ही नाही आहात. आणि ते तिला थांबवता येत नव्हतं, कारण थांबवायलाही तोच पासवर्ड लागत होता.

बटणराव दाढीला बसले असताना एकदा तिने हिय्या केला आणि पेटीचा स्विच बंद केला. वीज गेली तर पेटी चालू ठेवणारी खालची बॅटरी लगेच टीं टीं करत बोंबलायला लागली. अर्ध्या गालाला साबण तसाच, असे ते धावत आले.

"कुणी हात लावला?"

"मी. झाडताना लागला असेल."

त्यांनी स्विच लावला, पेटीवर हात ठेवला आणि ती गरम आहे याची खात्री करून घेतली.

"हिच्यात सगळं आहे गं आपलं," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका केविलवाणा होता, की तिने पुन्हा त्या स्विचला हात लावला नाही.

मग एका दुपारी ती भाजी निवडत बसली असताना स्वयंपाकघरातला स्पीकर खरखरला आणि गाणं सुरू झालं. तिचंच, पोळ्यांच्या वेळचं. तिच्या हातातली जुडी खाली पडली. आठवला! यांना आठवला! इतक्या दिवसांचं ओझं एकदम उतरलं, आणि आपण उगाच किती वाईट विचार केले याची तिला लाजही वाटली. ती तशीच मागच्या खोलीकडे गेली.

बटणराव मांडीवर हात ठेवून खुर्चीत बसले होते. कीबोर्ड बाजूला सारलेला होता. पडद्यावर मोठ्या अक्षरांत, पंपघरातल्या फळ्यावर सूचना लिहीत त्याच थाटात लिहिलेलं होतं:

मालक वारले. पुढचा कारभार बाईंच्या हवाली. घाबरू नये.

तिने दाराची चौकट धरली. म्हणजे गाणंही त्या सोयीतलंच होतं. तिने घाबरू नये म्हणून कधीतरी हसत हसत यांनी ते लावून ठेवलं असणार, आणि तिला सांगितलं नसणार.

बटणरावांनी ओठ हलवत पुन्हा वाचलं. मग वळून तिच्याकडे बघितलं. माणूस गेलेल्या घरात बोलावं तसा त्यांनी आवाज खाली घेतला.

"कोण गेलं गं?"

तिने पडद्याकडे बघितलं.

"आपल्या ओळखीतलं आहे का?"

"हो," ती म्हणाली.

"अरेरे." त्यांनी मान खाली घातली. "मग जाऊन यायला हवं. बाई एकट्याच असतील घरी. तू जरा बस त्यांच्यापाशी. मला काही असल्या वेळी बोलता येत नाही."

ते उठले. कपाटातून त्यांनी आपला पांढरा शर्ट काढला आणि तिच्याकडे न बघता, व्यवस्थित अंगात चढवला. ती भिंतीला टेकून बघत राहिली. स्वयंपाकघरात गाणं संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, तरी त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. चपला घालून ते दाराबाहेर गेले आणि जिन्याशी थांबले.

"चल," ते म्हणाले. "घर तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे," ती म्हणाली आणि पायांत चपला सरकवल्या.